धोरणाचं गणित शिकायला निघालात? आधी कांदा सोडवून बघा

19 ऑगस्ट 2023 ला केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. दोन दिवसांत नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. लगोलग केंद्रानं 2,410 रुपये क्विंटलनं खरेदी जाहीर केली. त्या आठवड्यात जो तो सांगत होता की भाव पडणार. पण किती पडणार? पडलेल्या भावातलं किती गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाणार आणि किती सरकारच्या तिजोरीत? आणि शुल्क पुढच्या लागवडीपर्यंत राहिलं तर काय? असे प्रश्न आकड्यात सोडवण्याची जी पद्धत आहे ती आर्थिक मॉडेलिंगच्या शिबिरात शिकवतात. पाच ते दहा दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळ, रात्री गृहपाठ. अर्थमंत्रालयातले अधिकारी, पीएचडीचे विद्यार्थी, सल्लागार कंपन्यांतली तरुण मंडळी आणि एखाद-दुसरा चुकून आलेला इंजिनिअर असा वर्ग असतो.

मी दोनदा विद्यार्थी म्हणून गेलो आणि नंतर काही वेळा मदतनीस म्हणून बसलो. दर खेपेला तेच दिसतं. माणसं सॉफ्टवेअर शिकायला येतात, बटणं शिकून जातात, आणि परत गेल्यावर साहेबांनी "हा आकडा असाच का आला?" असं विचारलं की गप्प होतात. हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

कुठलं शिबिर निवडायचं

यावर फार वेळ घालवू नका. मुख्य घराणी तीनच, आणि आपलं काम कुठल्या प्रकारचं आहे त्यावर निवड ठरते.

पहिलं घराणं मेलबर्नचं. तिथे ओरानी नावाचं मॉडेल 1970 च्या दशकात घडलं. ऑस्ट्रेलियानं आयातशुल्क कमी करावं का, यावरच्या वादात ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पीटर डिक्सन आणि मार्क हॉरिज ही त्या परंपरेतली ठळक नावं. ही परंपरा चालवणारं धोरण अभ्यास केंद्र पूर्वी मोनाश विद्यापीठात होतं, 2014 पासून व्हिक्टोरिया विद्यापीठात आहे. त्यांचं सॉफ्टवेअर जेमपॅक आणि शिकवण्याचं मॉडेल ओरानी-जी. एकाच देशाच्या आतल्या धोरणाचा अभ्यास करायचा असेल तर इथली शिकवण सगळ्यात भक्कम, असं माझं मत.

दुसरं घराणं अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं, म्हणजे जीटॅप (ग्लोबल ट्रेड अ‍ॅनालिसिस प्रोजेक्ट). थॉमस हर्टेल यांनी 1992 मध्ये सुरू केलं. जगभरच्या देशांची व्यापार-आकडेवारी एका साच्यात बसवलेला त्यांचा डेटाबेस हाच खरा खजिना: अकराव्या आवृत्तीत 65 क्षेत्रं आणि 160 देश-प्रदेश. व्यापार करार, आयात-निर्यात, हवामान असे प्रश्न असतील तर इकडे जा. आधी काही आठवडे ऑनलाइन अभ्यास, मग प्रत्यक्ष वर्ग, शेवटी गटानं करायचा प्रकल्प असा त्यांचा क्रम असतो.

तिसरं घराणं गॅम्सवाल्यांचं. हे सॉफ्टवेअर जागतिक बँकेत जन्मलं. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेनं 2002 मध्ये गॅम्समध्ये एक प्रमाण मॉडेल खुलं केलं, आणि विकसनशील देशांत गरिबी-शेती-करांवर काम करणारे बरेच जण त्यावरच वाढले.

ऑनलाइन शिबिर घेत असाल तर घड्याळ बघून पैसे भरा. इंडियानात उन्हाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, ऑफिस सांभाळून जमतं. मेलबर्नमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. मी ते केलंय. तिसऱ्या दिवशी कॅमेरा बंद करून डुलक्या काढल्या.

जाण्याआधीचं एकच काम: एका शीटमधला कांदा

शिबिरात शेकडो समीकरणांचं मॉडेल तयारच मिळतं. ते चालवता येतं, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून जाण्याआधी एकाच बाजाराचं मॉडेल एक्सेलमध्ये स्वतः बांधा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढचे आकडे मी सोयीसाठी धरलेत, खरी आकडेवारी नंतर घाला.

समजा कांद्याचं पीक 100 लाख टन. त्यातला 90 देशात खपतो, 10 बाहेर जातो. भाव 2,000 रुपये क्विंटल. माल निघून कांदाचाळीत (साठवणीच्या शेडमध्ये) पडलाय, म्हणजे पुरवठा आता वाढत नाही की घटत नाही. देशातल्या मागणीची लवचिकता उणे 0.4 धरू: भाव 10 टक्के उतरला तर खप साधारण 4 टक्के वाढतो. कांदा स्वस्त झाला म्हणून आपण भजी जरा जास्त करतो, पण दुप्पट नाही.

आता 40 टक्के शुल्क. बाहेरच्या गिऱ्हाइकाला पडणारा भाव म्हणजे देशातला भाव गुणिले 1.4.

पहिली शक्यता अशी की जगात भाव ठरलेला आहे आणि आपण कितीही विकलं तरी तो हलत नाही. मग निर्यात चालू राहायची तर देशातला भाव 2,000 भागिले 1.4, म्हणजे 1,429 रुपयांवर यायला हवा. पण तिथे पोचायच्या आधीच गंमत होते. भाव 1,537 ला आला की देशातच 100 लाख टन खपतात. बाहेर पाठवायला कांदाच उरत नाही. म्हणजे या गृहीतकांखाली 30 टक्क्यांच्या वरचं कुठलंही शुल्क ही बंदीच आहे, फक्त नाव वेगळं. भाव पडला 23 टक्के, तिजोरीत आले शून्य.

दुसरी शक्यता अशी की बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, आखात इथल्या गिऱ्हाइकांना आपला कांदा काही प्रमाणात हवाच असतो, महाग झाला तरी थोडा घेतात. निर्यातमागणीची लवचिकता उणे 3 धरा. एक्सेलमध्ये एका चौकटीत भावाचं गुणोत्तर ठेवा. शेजारच्या चौकटीत 90 गुणिले त्या गुणोत्तराचा उणे 0.4 घात. त्याच्या शेजारी 10 गुणिले (1.4 गुणिले गुणोत्तर) याचा उणे 3 घात. दोन्हींची बेरीज 100 व्हायला हवी. गोल सीक (हवी ती बेरीज येईपर्यंत एक चौकट हलवून बघणारं एक्सेलमधलं साधन) चालवा. गुणोत्तर येईल 0.881. भाव 1,762, म्हणजे 12 टक्के घसरण. निर्यात 10 वरून 5.3 वर. तिजोरीत सुमारे 375 कोटी.

तिसरी शक्यता पुढच्या हंगामाची. आता शेतकरी लागवड ठरवणार. पुरवठ्याची लवचिकता 0.5 घाला आणि पुन्हा सोडवा. भाव फक्त 6 टक्के खाली दिसेल, कारण लागवडच घटून पीक 3 टक्क्यांनी कमी झालंय.

एकच शुल्क, तीन उत्तरं: 23, 12, 6. चूक कुठेच नाही. फरक फक्त आपण काय धरलं याचा. शिबिरातल्या मोठ्या मॉडेलमध्ये अशी शेकडो गृहीतकं दडलेली असतात, आणि तुमच्या आकड्याचा मालक तुम्ही नसून ती असतात.

अजून एक गोष्ट याच शीटमध्ये बघून घ्या. दुसऱ्या शक्यतेत शेतकऱ्यांचं नुकसान 2,380 कोटी, देशातल्या गिऱ्हाइकाचा फायदा सुमारे 2,200 कोटी, तिजोरीत 375. बेरीज केली तर देश 190 कोटींनी फायद्यात! पहिल्या शक्यतेत मात्र 250 कोटींच्या आसपास तोटा. हा फायदा आला कुठून? ढाक्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून. त्याला आता 2,467 रुपये पडतात. उणे 3 धरल्यामुळे आपण जगाच्या बाजारात दादा झालो. दोन-तीन वर्षांत तो पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा घ्यायला लागला की लवचिकता वाढते आणि दादागिरी संपते. तेव्हा तुमच्या मॉडेलनं शुल्क देशाच्या हिताचं दाखवलं तर टाळ्या वाजवण्याआधी ही एक संख्या बघा. जीटॅपसारखी मॉडेलं देशोदेशीचा माल वेगवेगळा मानतात (ही युक्ती पॉल आर्मिंग्टन यांची, 1969 ची), त्यामुळे प्रत्येक देशाला थोडी दादागिरी आपोआप मिळते. या मॉडेलांवरची ही जुनी आणि रास्त तक्रार आहे.

ताळेबंद: जिथे निम्मा वेळ जातो

शिबिरात पहिल्या-दुसऱ्या दिवशी 'सॅम' नावाचा तक्ता समोर येतो. सामाजिक लेखा सारणी. नाव भारदस्त आहे, पण किराणा दुकानदाराला दोन मिनिटांत कळेल असा हिशेब आहे. ओळीत वाचलं तर कुणाकडून आले, स्तंभात वाचलं तर कुणाला दिले. प्रत्येकाची ओळ आणि स्तंभ यांची बेरीज सारखी.

कांद्याचा स्तंभ लिहून बघा: बियाणं-खतं-औषधं 30, मजुरी 25, जमीन-चाळ-नफा 45. एकूण 100. आता कांद्याची ओळ: घरांना विक्री 85, हॉटेलं आणि प्रक्रिया 5, निर्यात 10. एकूण 100. जुळलं. खऱ्या आकडेवारीत जुळत नाही, कारण उत्पादन एका खात्याकडून, खप दुसऱ्या पाहणीतून आणि निर्यात सीमाशुल्काकडून येते. तिघं तीन वेळा तीन पद्धतींनी मोजतात. मग जुळवणी करायची. कुठल्या आकड्यावर विश्वास जास्त ते आधी ठरवा आणि लिहून ठेवा, बाकीचे हलू द्या. सॉफ्टवेअरला सगळं सोपवलं तर ते निमूटपणे निर्यात वाढवून ठेवेल.

भारतासाठी कच्चा माल सांख्यिकी मंत्रालयाच्या पुरवठा-वापर तक्त्यांत मिळतो: 140 वस्तू, 66 उद्योग. त्याआधीची जी आदान-प्रदान सारणी (कुठलं क्षेत्र कुणाकडून किती माल घेतं याचा तक्ता), तिचं 2007-08 चं 130 क्षेत्रांचं रूप अजून बऱ्याच जुन्या मॉडेलांच्या पोटात आहे. घरांचं विभाजन करायला 2022-23 ची घरगुती खर्चाची पाहणी घ्या. एखाद्या तयार मॉडेलमध्ये 2011-12 ची पाहणी असेल तर ते वाईट नाही, पण मधल्या दशकात घरांच्या खर्चात धान्याचा वाटा घटलाय हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रापुरतं काम असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'आर्थिक पाहणी' अर्थसंकल्पाआधी दरवर्षी येते, जिल्ह्यांचे आकडेही तिथून सुरू करता येतात. पण एकट्या राज्याचं मॉडेल बांधायचं तर बाकीच्या राज्यांशी होणारा व्यापार अंदाजानं भरावा लागतो. पहिल्याच प्रकल्पात त्याच्या वाटेला जाऊ नका.

ताळेबंदातली दोन भगदाडं आधीच सांगतो.

पहिलं: कांदा सापडत नाही. जीटॅपमध्ये तो 'भाजीपाला, फळं, सुकामेवा' या एका गोणीत आहे. आंबा, द्राक्षं, बटाटा, काजू सगळे त्यातच. त्या गोणीवर 40 टक्के शुल्क लावलं तर तुम्ही द्राक्षबागायतदारालाही मारलंत. एकतर गोणी फोडा (त्याची साधनं आहेत, पण दिवस जातात), नाहीतर निर्यातीतला कांद्याचा वाटा काढून शुल्क तेवढ्या प्रमाणात कमी करा आणि तसं अहवालात लिहा.

दुसरं: दलाली आणि वाहतूक. लासलगावला 20 रुपये किलो असलेला कांदा पुण्यात दारावर 35 ला. मधले 15 रुपये हमाली, तोलाई, ट्रक, नासाडी, दुकानदार यांचे. बाजार समितीत भाव 12 टक्के पडला आणि मधले 15 तसेच राहिले तर गिऱ्हाइकाला 35 चे 32.60 पडतात. म्हणजे फक्त 7 टक्के. तुमची मागणीची लवचिकता कुठल्या भावाला लावलीय? वर एक्सेलमध्ये आपण ती सरळ बाजार समितीच्या भावाला लावली. चलाखी होती. पकडली असेल तर तुम्ही शिबिराला तयार आहात.

सॉफ्टवेअर

थोडक्यात उरकतो. लॅपटॉपवर सगळं आधीच घालून, एक नमुना मॉडेल चालवून मगच जा. ऑफिसच्या लॅपटॉपला प्रशासकाची परवानगी लागते, ती शिबिराच्या सकाळी मिळत नाही. गॅम्सच्या मोफत परवान्यात मॉडेलच्या आकाराला मर्यादा आहे. जेमपॅकमध्ये तीन गोष्टी ओळखा: समीकरणांची फाइल, आकड्यांची फाइल आणि हुकुमांची फाइल. नवख्यानं पहिले दोन दिवस फक्त तिसरीला हात लावावा.

जेमपॅकची भाषा टक्केवारीतल्या बदलांची आहे. ही पद्धत लीफ योहान्सन यांच्या नॉर्वेच्या मॉडेलमधून आली, 1960 मधून. तेव्हा मोठी समीकरणं सोडवणं अवघड होतं, म्हणून सगळं टक्केवारीत आणून सरळ रेषेत बसवायचं. नियम दोनच पाठ करा. गुणाकाराच्या टक्केवाऱ्यांची बेरीज होते: भाव 10 टक्के वाढला, माल 5 टक्के घटला, तर उलाढाल साधारण 5 टक्के वाढली. आणि बेरजेची टक्केवारी म्हणजे वाट्यांनुसार काढलेली सरासरी.

"साधारण" या शब्दात सगळं आहे. वरच्या उदाहरणात खरं उत्तर 4.5 आहे. छोट्या बदलात हा फरक चालतो. 40 टक्क्यांच्या शुल्कात चालत नाही. कांद्याची दुसरी शक्यता एका दमात सरळ रेषेनं सोडवली तर भाव 18 टक्के पडलेला दिसतो, खरा पडतो 12. निर्यात 65 टक्के घटलेली दिसते, खरी घटते 47. म्हणून हुकुमांच्या फाइलमध्ये सोडवण्याची पद्धत 'योहान्सन' (म्हणजे एका दमात) न ठेवता अनेक पायऱ्यांची ठेवा. तसं केलं की सॉफ्टवेअर शुल्क थोडं थोडं चढवतं आणि दर पायरीला वाटे नव्यानं काढतं. पुष्कळ जण ही ओळ नमुन्यातून जशीच्या तशी उचलतात आणि कुठली पद्धत आहे ते बघतही नाहीत.

क्लोजर: इथे झोपू नका

तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर बहुतेक शिबिरांत क्लोजर येतं, आणि नेमकी तेव्हाच पेंग येते. समीकरणांपेक्षा अनोळखी राशी नेहमी जास्त असतात. त्यामुळे काही राशी तुम्ही बाहेरून ठरवायच्या आणि बाकीच्या मॉडेलनं काढायच्या. कुठल्या बाहेरून, कुठल्या आतून, ही यादी म्हणजे क्लोजर. ऐकायला कारकुनी काम वाटतं.

एक उदाहरण घेऊ. 2024 मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली, महिना 1,500 रुपये. समजा हे पैसे घरांना मिळाल्याचा परिणाम मोजायचाय. मॉडेलमध्ये घरांच्या उत्पन्नात तेवढी भर घातली आणि 'चालव' म्हटलं. पण सरकारकडे पैसे आले कुठून? क्लोजर तुम्ही ठरवलं नसेल तर नमुन्यात आधीपासून असलेलं काहीतरी ठरवतं.

सरकारी तूट स्थिर धरली आणि कर आतून काढायला सांगितला, तर एका घराकडून घेऊन दुसऱ्या घराला दिले. दुकानदारीत थोडा फरक, एकूण उत्पादनात नगण्य. कर स्थिर, तूट मोकळी, आणि गुंतवणूक बचतीच्या मागून चालणारी असं धरलं, तर सरकारनं घेतलेली बचत गुंतवणुकीतून वजा होते. साडी-किराणा-मोबाइल वाढतो, सिमेंट-पोलाद घटतं. रस्ते आणि पाटबंधाऱ्यांवरचा खर्च कमी करून पैसे उभे केले असं धरलं, तर आणखी तिसरं चित्र.

त्यावर रोजगाराचा प्रश्न. महागाई वजा करून उरणारा मजुरीचा दर स्थिर धरला आणि हवी तेवढी माणसं कामाला मिळतात असं मानलं, तर प्रत्येक वाढीव मागणीनं रोजगार वाढतो, योजना सोन्याची दिसते. एकूण रोजगार स्थिर धरला आणि मजुरी हलू दिली, तर फक्त मजुरीचा दर चढतो. मेलबर्नच्या परंपरेत पहिलं अल्पकालासाठी (यंत्रसामग्री स्थिर, रोजगार मोकळा) आणि दुसरं दीर्घकालासाठी (रोजगार स्थिर, भांडवल परताव्याच्या मागे धावणारं) वापरतात. ही विभागणी चांगली आहे, पण विदर्भातल्या शेतमजुराला आणि पुण्यातल्या कोडरला एकच मजूरबाजार लावलात तर तिचा उपयोग नाही.

ज्याला आकडा मोठा हवाय तो क्लोजर बदलून तो मोठा करू शकतो, लहान हवा असेल तर लहान. समीकरणांना हातही न लावता. म्हणून कुणाचाही अहवाल हातात आला की मी आधी परिशिष्टात क्लोजर शोधतो. नसेल तर बाकीचा वाचत नाही.

क्लोजरची उलटापालट कामाचीही असते. डिसेंबर 2023 मध्ये शुल्काऐवजी निर्यातबंदीच आली. बंदीला टक्केवारी नसते, मग शॉक (म्हणजे मॉडेलला बाहेरून दिलेला बदल) कसा द्यायचा? निर्यातीचं प्रमाण बाहेरून ठरवायचं आणि शुल्काचा दर आतून काढायला सांगायचा. जेमपॅकमध्ये हे 'स्वॅप' नावाच्या एका ओळीत होतं. निर्यात शून्याला नेऊ नका, टक्केवारीचं गणित शून्यावर कोसळतं. उणे 95 पर्यंत न्या. मॉडेल सांगेल की ही बंदी किती टक्के शुल्काएवढी होती.

आमचा उलटा कांदा

पहिल्या शिबिरातली आमची फजिती सांगतो. चौघांचा गट, जीटॅपचं जुनं मॉडेल, विषय कांदा (म्हणजे ती भाजीपाल्याची गोणी). शुल्क 40 टक्के म्हणून आम्ही निर्यातकराच्या राशीला अधिक 40 दिलं. निकाल आला की निर्यात वाढली, देशातला भाव चढला. आम्हाला शंका यायला हवी होती. उलट गटातल्या एका हुशार माणसानं दहा मिनिटांत कारण शोधलं: शुल्कातून सरकारला उत्पन्न मिळालं, ते खर्च झालं, मागणी वाढली. आम्ही माना डोलावल्या. सादरीकरणाच्या आठ स्लाइड झाल्या.

रात्री अकराला शिकवणाऱ्या बाई चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "या राशीचं समीकरण वाचलंत?" वाचलं नव्हतं. त्या जुन्या आवृत्तीत निर्यातकराची राशी अनुदानाच्या दिशेनं लिहिलेली होती. अधिक म्हणजे अनुदान. आम्ही कांद्याला 40 टक्के अनुदान दिलं होतं आणि त्याला शुल्क समजून अर्थशास्त्र रचलं होतं.

तेव्हापासून तीन चाचण्या मी कधी चुकवत नाही.

पहिली, शॉक देण्याआधी उत्तराची दिशा कागदावर लिहायची. निकाल उलटा आला तर आधी चिन्ह बघायचं, कथा नंतर.

दुसरी, पैशाच्या मोजपट्टीची चाचणी. मॉडेलमध्ये एक भाव मोजपट्टी म्हणून धरलेला असतो. त्यालाच 10 टक्के शॉक द्या, बाकी काही नको. सगळे भाव आणि सगळ्या उलाढाली 10 टक्क्यांनी वाढल्या पाहिजेत, टन-क्विंटल-माणसं जिथल्या तिथे. कुठे एखादा क्विंटल हलला तर समीकरणात गळती आहे.

तिसरी, देशाचं स्थूल उत्पादन (जीडीपी) उत्पन्नाच्या बाजूनं आणि खर्चाच्या बाजूनं सारखंच आलंय का. नसेल तर ताळेबंद फाटलाय.

प्रकल्प आणि सादरीकरण

शेवटचे दोन दिवस गटाचा प्रकल्प असतो. विषय लहान घ्या. "मुक्त व्यापाराचा भारतावर परिणाम" असला विषय घेणारा गट शेवटच्या रात्री तीनला झोपतो आणि सकाळी काहीच समजावू शकत नाही. एक वस्तू, एक शुल्क, दोन क्लोजर. पुरे.

सादरीकरणात शंभर निकाल दाखवू नका. दोन-तीन दाखवा, आणि प्रत्येक निकाल कागदावरच्या कच्च्या गणितानं जवळपास पुन्हा काढून दाखवा. मेलबर्नवाले याबद्दल फार काटेकोर आहेत, आणि ते बरोबर आहेत. मॉडेल म्हणतं भाव 12.6 टक्के पडला. तुमच्या एक्सेलनं 11.9 दिलं होतं. मग मधलं 0.7 कुठून आलं? शेतकऱ्याचं उत्पन्न घटलं म्हणून त्याचा स्वतःचा खप घटला? हॉटेलांची मागणी वेगळी? वाहतूक स्वस्त झाली? हा 0.7 समजावता आला की मॉडेल तुमचं झालं.

लवचिकता बदलून निकाल किती हलतो तेही दाखवा. निर्यातमागणी उणे 2 ते उणे 6, एवढ्या पट्ट्यात पाच वेळा चालवा आणि निकाल पट्ट्यातच सांगा. "भाव 11.93 टक्के पडेल" असं वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं की समजावं, दशांशानंतरचे आकडे त्याला मॉडेलनं दिलेत, अनुभवानं नाही.

आणि मॉडेलला जे दिसत नाही तेही बोला. हे मॉडेल वर्षाचं आहे. चाळीतला उन्हाळ कांदा आज काढायचा की दसऱ्यापर्यंत थांबायचं, हा जुगार शेतकरी दर आठवड्याला खेळतो. लिलाव आठवडाभर बंद राहिले तर सडलेला माल कुठल्याच समीकरणात नाही.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यातच काहीतरी चालवा. महिना गेला की हुकुमांची फाइल परक्या लिपीतली वाटायला लागते. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची गोखले संस्था अशा ठिकाणी या विषयाच्या जवळ काम करणारी माणसं असतात, त्यांच्या खुल्या व्याख्यानांना जाऊन बसा. एकट्यानं हे टिकत नाही.

चालवायला काय घ्यावं? बंदी उठल्यावर शुल्क परत आलं, ते पुढे सप्टेंबर 2024 मध्ये 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून उठलं. तोच शॉक द्या. तुमच्या ताळेबंदात 20 टक्के शुल्क असलेलं वर्ष आधी उभं करा, मग ते काढा. उत्तर आलं की लासलगावच्या एप्रिलमधल्या भावाशी ताडून बघायचा मोह होईल. ताडून बघा, पण त्याच आठवड्यांत उन्हाळ कांद्याची आवक जोरात असते. शुल्क उठल्यानं भाव किती चढला आणि आवकेनं किती उतरला हे वेगळं करायला पुरवठ्याचा दुसरा शॉक लागेल. तो स्वतंत्र चालवा, बेरीज नंतर. आणि शुल्काचा शॉक देताना उणे 20 लिहू नका. भावाला लागलेला गुणक 1.2 वरून 1 वर येतोय, तेव्हा आकडा उणे 16.67.